वार्धक्य, दुर्बलता आणि आत्मविश्वास



वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यास व्यासपीठावर पाचारण केले, म्हणजे औषधांची यादी ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या विषयावर बाटलीतले औषध नाही. तो विषय म्हणजे उतारवयातील दुर्बलता.

वय होणे निराळे आणि दुर्बल होणे निराळे. 2001 साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड व त्यांचे सहकारी यांनी दुर्बलतेची पाच लक्षणे सांगितली : प्रयत्न न करता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड ढिली पडणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक आढळल्यास मनुष्य दुर्बल समजावा. एक किंवा दोन असल्यास तो त्या वाटेवर आहे. वाटेवर असलेल्यास परत फिरता येते, ही यातील आशेची गोष्ट होय.

ही वाट पुष्कळदा भीतीने सुरू होते. न्हाणीघरात पाय घसरतो. हाड मोडत नाही, पण धीर खचतो. मग देवळात जाणे बंद, जिना चढणे बंद. न वापरलेले स्नायू झिजतात, तोल जाऊ लागतो आणि भीती खरी ठरते. "आई, तुम्ही बसा," असे सून मायेने म्हणते. मुलगा पाण्याचा तांब्याही हातात आणून देतो. हेतू सेवेचा, परिणाम मात्र पांगळेपणाचा!

याउलट, 1990 साली बोस्टन येथे सरासरी नव्वद वर्षे वयाच्या वृद्धाश्रमवासीयांकडून देखरेखीखाली आठ आठवडे वजनाचा व्यायाम करविला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले.

मग आमचा उपदेश फळत का नाही? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 साली प्रतिपादिले की, 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वाधिक स्वतः करून पाहिल्याने येतो. त्यानंतर आपल्यासारख्यास करताना पाहून. यास्तव आरंभ लहान असावा. भिंतीस टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे, प्रथम हातांचा आधार घेऊन. तेही सकाळच्या चहापूर्वी, म्हणजे विसर पडत नाही. दिनदर्शिकेवर खूण करावी. पुढे ओट्यास धरून टाचा उचलाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली ज्येष्ठांस आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रम आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सुचविला आहे. तेथे पायरी-पायरीने पोहोचावे. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल वा नुकतेच पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टरांस दाखवावे.

स्नायूंस अन्नही हवे. रात्री चहा-बिस्किटांवर भागवू नये. वरण, उसळ, दूध, दही आणि चालत असल्यास अंडे पानात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण विचारून घ्यावे.

मंडळास आमची एकच विनंती आहे : सभागृहात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांनी एकत्र व्यायाम करावा. शेजारची समवयस्क व्यक्ती उठते-बसते हे पाहून जो धीर येतो, तो आमच्या चिठ्ठीने येत नाही. आणि घरातील तरुणांनो, वडिलांच्या हातचे काम काढून घेऊ नका; ते करीत असताना शेजारी उभे राहा.