कागदावरचे नाव आणि कायद्यातला हक्क

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख होता कागदांवर. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनाम्यांच्या नकला त्यांनी हिसकावून घेतल्या आणि रस्त्यावर जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नुसत्या खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, ही त्यातली मोठी कलमे. या कायद्याखाली पुढे रानड्यांनी स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

कागदावर काय लिहिले आहे आणि त्यामागचा खरा हक्क कोणता, हा त्या काळचा प्रश्न आजही घराघरात आहे. सातबाऱ्यावर भावाचे नाव आहे, म्हणजे जमीन त्याची. बँकेत नॉमिनी म्हणून धाकट्याचे नाव आहे, म्हणजे पैसे त्याचे. पोलीस ठाण्यात नाव गेले, म्हणजे माणूस गुन्हेगार. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यापायी माणसे आपला हक्क सोडतात किंवा नको त्या भीतीत वर्षे काढतात.

सुरुवात जमिनीपासून करू. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. तो सगळ्यांच्या वतीने कारभार पाहणारा, एकटा मालक नव्हे. कालांतराने ती अक्षरे गळतात, नुसते नाव उरते आणि पुढची पिढी तेच मालकीचे प्रमाण मानते. बहिणींची नावे बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात आणि तिथेच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र वेळोवेळी सांगितले आहे, की महसुली नोंद ही सारा वसुलीच्या सोयीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही.

म्हणून नोंद करूच नये असे मात्र नाही. घरातला खातेदार गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 सांगते. वारसांची नावे आधी गाव नमुना 6क मध्ये येतात, मग फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस न वाचता सही करून परत देणारी माणसे पुढे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात. तीन महिने उलटले म्हणून वारसाहक्क बुडत नाही, पण काम अवघड होते.

मुलींच्या हक्काबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे, आणि त्याला कारणही आहे: कायदा टप्प्याटप्प्याने बदलला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला; एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मात्र मुलग्यांकडेच राहिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना त्यात घेतले, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळले. ‘लग्न झालेल्या बहिणीला काही नाही’ हे वाक्य अजून गावोगाव ऐकू येते, त्याचे एक मूळ इथे आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद संपवला. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का, हा वाद उरला होता. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तोही मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे. वडील आधी वारले असले तरी तो जात नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत.

आणखी एक वारस लोक हमखास विसरतात: मृताची आई. समजा, एक नोकरदार मृत्युपत्र न करता गेला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई आहे. त्याने कमावलेल्या घराचे पाच सारखे वाटे होतात आणि त्यांतला एक आईचा असतो. वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गातले वारस नाहीत. आई आहे.

आता हक्कसोडपत्राकडे वळू. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते. ‘फक्त नाव कमी करायचे आहे,’ असे सांगितले जाते. भावाशी संबंध तुटतील या भीतीने ती अंगठा किंवा सही देते. तिने समजून, राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे आणि त्यात कोणी पडू नये. पण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल, तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत न्यायालयात जावे लागते. दुसरीकडे, स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर सोडता येत नाही. त्याला नोंदणी लागते. हे दोन नियम ठाऊक असते, तर कितीतरी बहीणभाऊ न्यायालयात समोरासमोर उभे राहिले नसते.

गोव्यातल्या मराठी कुटुंबांचे गणित निराळे आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि निम्मी पत्नीची असते. मुले असतील तर मृत्युपत्राने आपल्या हिश्शाची निम्मीच मालमत्ता हवी तशी देता येते. उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव राहते. सावंतवाडीत घर आणि म्हापशात दुकान असलेल्या कुटुंबाने दोन्हीकडचा वकील गाठावा.

नॉमिनीचा प्रश्न शहरात अधिक. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये विम्याबाबत आणि 14 डिसेंबर 2023 रोजी शेअरबाबत, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात, सांगितले ते असे: नॉमिनी पैसे स्वीकारणारा हात आहे, मालक वारस असतात. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीने अपवाद केला. नॉमिनी आईवडील, पती, पत्नी किंवा मुले असतील तर लाभही त्यांचाच. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, सदनिकेची मालकी मात्र वारसांमध्ये ठरते. वारस दाखल्यासाठी महाराष्ट्रात लोक दिवाणी न्यायालयात जो अर्ज करतात, तो अजून 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली चालतो, हे अनेक पदवीधरांनाही ठाऊक नसते.

हे सारे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मृत्युपत्र. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि ती पाहून सही करणारे दोन साक्षीदार, एवढे पुरते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. उलट, हयातीतच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करणाऱ्या आईवडिलांनी ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट त्याच कागदात लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 नुसार, सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात असे बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

वडिलांचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येते का? जुन्या हिंदू कायद्यात ते फेडणे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई आणि न्यायालये त्या जोरावर वसुलीही करून देत. 2005 च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरते ते बंद झाले. आज नियम साधा आहे: वारसाला जेवढी मिळकत मिळाली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. तारण घराचा किंवा शेताचा बँक लिलाव करू शकते, पण मुलाच्या स्वतःच्या पगारावर हात टाकू शकत नाही. तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असे 1872 चा करार कायदा सांगतो. पतपेढीत मित्रासाठी केलेली ‘नुसती सही’ म्हणजे ते कर्ज स्वतः घेणेच होय.

कर्ज थकणे हा गुन्हा नाही, हेही ठणकावून सांगायला हवे. वसुलीवाल्यांच्या ‘अटक होईल’ या धमकीने माणसे जीव देण्यापर्यंत जातात. चेक न वटल्यास फौजदारी खटला होऊ शकतो, मुळात फसवणूक केली असेल तर होऊ शकतो. पीक बुडाले, नोकरी गेली आणि हप्ता चुकला म्हणून होत नाही. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे अर्ज करून पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारातली जमीन परत मागता येते.

शेवटी पोलिसांकडच्या नोंदीबद्दल. बांधावरच्या भांडणात दोन्हीकडच्या तरुणांची नावे फिर्यादीत जातात. पुढे गावात समेट होतो आणि सगळे धरून चालतात की प्रकरण मिटले. ते मिटलेले नसते. दाखल गुन्हा पंचायतीच्या तडजोडीने संपत नाही; न्यायालयाने तडजोड मान्य करावी लागते किंवा उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करावा लागतो. चार वर्षांनी पोलीस भरतीत किंवा पासपोर्टच्या वेळी तीच नोंद समोर येते.

अशा वेळी अर्जातला प्रश्न नीट वाचावा. ‘गुन्हा दाखल आहे का’ आणि ‘शिक्षा झाली आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही. पण लपवणे घातक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितले, की किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणारी संस्था लपवाछपवीकडे दुर्लक्ष करू शकते, गंभीर असेल तर नोकरी काढून घेऊ शकते. खरे सांगितल्याने नोकरीची हमी मिळत नाही. खोटे सांगितल्याने मिळालेली नोकरी जाऊ शकते. निर्दोष सुटलेल्याने निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 2015 चा बाल न्याय कायदा उदार आहे: बालपणीच्या चुकीमुळे, अगदी गंभीर प्रकरणांचा अपवाद सोडता, पुढे कसलीही अपात्रता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने सर्व स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन आपला सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बँकेतले नामनिर्देशन आणि आजवर सही केलेली जामीनपत्रे एकदा काढून वाचावीत, आणि बहिणीला निबंधक कार्यालयात नेण्याआधी तो कागद तिच्या हाती देऊन आठ दिवस तिच्याकडेच राहू द्यावा.