ओढणारा मोकळा, आणणारा गुन्हेगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विजेच्या सिगारेटीबद्दल कायदा काय म्हणतो, हा प्रश्न आता कार्यकर्त्यांनाही टाळता येणार नाही. कुणाचा भाऊ आखातातून येताना ती घेऊन येतो, कुणी महाविद्यालयाजवळच्या टपरीवर आडून विकत घेतो, कुणाला हवालदार चौकात अडवून खिसा तपासतो. ‘ओढली तर तुरुंग होतो काय?’ असे मुले विचारतात. ओढल्याबद्दल शिक्षा नाही, पण आणल्याबद्दल होऊ शकते, हे त्याचे खरे उत्तर होय. ते विचित्र वाटते, म्हणूनच कायद्याची कलमे नीट पाहणे अगत्याचे आहे.

हे उपकरण २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने आजच्या स्वरूपात आणले. तंबाखू जाळावयाची नाही, निकोटिन मिसळलेला द्रव छोट्या बॅटरीवर तापवून त्याची वाफ ओढावयाची, इतकीच त्यातील युक्ती. भारतात त्याची विक्री वाढू लागली तेव्हा ती कोणत्या कायद्यात बसवावी याचा सरकारला उलगडा होईना. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना सल्लापत्र धाडले. परंतु सल्ला म्हणजे कायदा नव्हे. पुढे सरकारी परिपत्रक निघाले, त्याला मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नंतर १८ सप्टेंबर २०१९ रोजी सरकारने थेट वटहुकूम काढला. पुढील अधिवेशन काही आठवड्यांवर आले असता वटहुकूम काढण्याची एवढी निकड कोणती होती, हे कोडेच आहे. नोव्हेंबरअखेर लोकसभेने व २ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले आणि ५ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ चा ४२ वा अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमातील व्याख्या फार रुंद आहे. एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ ओढण्यासाठी तयार करणारे कोणतेही विजेचे उपकरण तीत येते; त्यात निकोटिन असो वा नसो, त्याचा आकार व नाव काहीही असो. तंबाखू न जाळता तापविणारी साधने आणि विजेचा हुक्काही त्यातच. केवळ औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना असलेली उत्पादने वगळली आहेत. ‘माझ्या नळीत निकोटिन नाही’ हा बचाव म्हणून उपयोगी नाही.

चौथे कलम उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात यांना मनाई करते, आणि ही मनाई संपूर्ण उपकरणाइतकीच त्याच्या सुट्या भागालाही लागू आहे. आयात म्हणजे भारताबाहेरून भारतात आणणे. स्वतःच्या वापरासाठी एखादे आणले तर चालेल, अशी सवलत कायद्यात कोठेही नाही. विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या पिशवीतील एक नगही तत्त्वतः याच कलमात सापडतो. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. चौथ्या कलमाखालील अपराध दखलपात्र आहे. येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. २०१६ च्या प्रवासी-सामान नियमांनी परदेशातून येणाऱ्याला शंभर जळत्या सिगारेटी करमुक्त आणण्याची मुभा दिली होती. धूर आणणाऱ्याचे स्वागत आणि वाफ आणणाऱ्याला कैद, असा हा न्याय!

वापराविषयी मात्र अधिनियम मौन पाळतो. स्वतः ओढण्याला गुन्हा ना मनाईच्या कलमात म्हटले आहे, ना शिक्षेच्या. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याशी ताडून पाहिले म्हणजे हे मौन किती अर्थपूर्ण आहे ते कळते. त्या कायद्याने पिणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविले होते. १९५१ साली बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा बहुतांश भाग कायम ठेवला; मद्यार्क असलेल्या औषधी व प्रसाधनांबाबतच्या तरतुदींना मात्र कात्री लावली. पिणाऱ्याला परवान्याच्या रांगेत उभे करणाऱ्या त्या कायद्याचा अनुभव या राज्याने पोटभर घेतला आहे. २०१९ च्या संसदेने तो मार्ग टाळला, व्यसनी माणसाला आरोपी केले नाही, हे तिने योग्यच केले.

मग जवळ बाळगणे गुन्हा आहे काय? खरा घोळ येथेच आहे. पाचवे कलम साठ्याविषयी आहे. जागेचा मालक, कब्जेदार वा वापर करणारा यांनी तेथे अशा सिगारेटींचा साठा ठेवू देऊ नये, असे ते सांगते. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खिशातील एक उपकरण म्हणजे साठा नव्हे, हा अर्थ सरळ भाषेतून निघतो. परंतु २०२३ मध्ये आरोग्य खात्याने कोणत्याही रूपात व कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हे उल्लंघनच होय, असा खुलासा केला. खात्याचा खुलासा हा संसदेने संमत केलेल्या कलमाची जागा घेऊ शकत नाही. दंडनीय कायद्याचा अर्थ आरोपीविरुद्ध ताणून लावू नये, हे जुने तत्त्व आहे. आणि कलम संदिग्ध राहिले की त्याचा भाव चौकात ठरतो. मोटारीतील मुलगा सुटतो आणि पायी चालणारा चिरीमिरी देतो, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

बंदीच्या बाजूला काहीच तथ्य नाही, असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के मुले ही वाफ ओढत असल्याचे आढळले. फळांच्या व मिठाईच्या चवी कोणासाठी केल्या जातात, हे सांगावयास नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ च्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. दुसरीकडे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली ही वाफ सिगारेटीच्या धुरापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक मानली आणि तेथे नियंत्रित विक्री चालू राहिली. अमेरिकेतच २०१९-२० मध्ये फुप्फुसाच्या विकाराने ६८ माणसे दगावली. त्या विकाराचा ठळक संबंध आढळला तो गांजाच्या चोरट्या द्रवात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अॅसिटेटशी. चोरबाजाराचा माल किती घातक असतो, याचाच तो दाखला होय. उत्पादन आणि विक्री दोन्ही बंद केल्यावर नळीत काय भरले आहे, हे तपासणार कोण?

आता या देशातील तंबाखूकडे पाहा. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे प्रौढांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. विडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे ४ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २१.४ टक्के. ही सारी खेडुतांची, मजुरांची, बायाबापड्यांची आकडेवारी आहे. त्यांच्या हाती असलेली वस्तू कायदेशीर राहिली. बंदी आली ती शहरी मुलांच्या नव्या खेळण्यावर. वटहुकूम जाहीर झाला त्या दिवशी सिगारेट कंपन्यांच्या भागांचे भाव चढले. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचा सुमारे पंधरा टक्के हिस्सा आहे. यावरून कुणाचा हेतू शोधत बसण्याचे कारण नाही. जनतेच्या विम्याचा पैसा कोठे गुंतला आहे, हे पुरेसे बोलके आहे.

विडीवर उद्या बंदी घाला, असा याचा अर्थ नव्हे. सिन्नर, सोलापूर, निपाणी या भागांत विडीच्या पानांवर हजारो बायकांची चूल पेटते. त्यांच्यासाठी पर्यायी काम उभे न करता तंबाखूमुक्तीच्या गोष्टी करणे हा पांढरपेशा ढोंगीपणा होय. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली. पुडी आजही मिळते, फक्त महाग झाली आणि हप्ता वाढला.

तेव्हा एखाद्या मुलाला पकडले, तर कार्यकर्त्याने ठाण्यात जाऊन आधी कलम कोणते लावले ते विचारावे. चौथे असेल, तर आयात, विक्री वा वाहतूक कशावरून ठरविली. पाचवे असेल, तर साठा किती नगांचा व जागा कोणाच्या ताब्यात होती, हे पंचनाम्यात आले आहे काय ते पाहावे. प्रवेशाचा व झडतीचा अधिकार जेथे व्यापार, उत्पादन, साठा वा जाहिरात चालते अशा जागांपुरता आहे, आणि तो उपनिरीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याला नाही, हेही तेथे सांगावे. मुलाला घरी आणल्यावर त्याच्या आईबापांना जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्राची वेळ व खोली सांगावी, आणि पहिल्या भेटीला सोबत जावे.