चेंडूवाचून



क्रिकेटच्या एकाच डावात दोन थोर फलंदाज शतके ठोकू शकतात आणि एकाच्या धावांमुळे दुसऱ्याच्या तोंडचा घास जात नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र गडी पाच, चेंडू एक, आणि तो बास्केटकडे फेकण्यास अमेरिकेच्या एन.बी.ए. स्पर्धेत 1954 पासून अवधी केवळ 24 सेकंदांचा, त्यामुळे एकाने चेंडू हाती धरून ठेवला की तितके सेकंद उरलेल्या चौघांच्या खात्यातून वजा होतात. असे असूनही नामवंत खेळाडू एकत्र आणले की विजय आपोआप चालून येईल, हा भ्रम तेथे पुनःपुन्हा डोके वर काढतो. 1968 साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर यांच्या जोडीला महाकाय विल्ट चेम्बरलेन आला. बेलर ज्या वाटेने बास्केटकडे घुसे त्याच वाटेवर चेम्बरलेनने ठाण मांडले, आणि 5 मे 1969 रोजी निर्णायक सामन्यात बोस्टनने त्यांना दोन गुणांनी हरविले, तेव्हा विजयोत्सवासाठी छताला टांगलेले फुगे तसेच टांगलेले राहिले.

परंतु मला आज सविस्तर सांगावयाचे आहे ते मायामी हीट या संघाविषयी. 2010 च्या जुलैत क्लीव्हलंडहून लेब्रॉन जेम्स आणि टोरोंटोहून ख्रिस बॉश तेथे दाखल झाले. ड्वेन वेड 2003 पासून तेथलाच; 2006 चे अजिंक्यपद मिळवून देण्यात त्याचाच वाटा सिंहाचा, म्हणजे मुलूख त्याचा आणि अंमलही त्याचा. तिघांनीही मिळू शकणाऱ्या कमाल वेतनापेक्षा कमी रकमेचे करारनामे केले. पैशाची वाटणी अशी थोड्याच दिवसांत झाली. चेंडूच्या वाटणीस दोन हंगाम लागले.

आरंभीच्या 17 सामन्यांपैकी 8 त्यांनी गमावले. याचे खापर पुष्कळांनी अहंकारावर फोडले, पण मला ते निदान पटत नाही. जेम्स आणि वेड एकमेकांचा मान इतका राखीत होते की एका खेपेस एकाने, पुढच्या खेपेस दुसऱ्याने, अशा त्यांच्या पाळ्याच लागल्या, आणि ज्याची पाळी नसे तो तीन गुणांच्या रेषेपाशी स्वस्थ उभा राही. लांबून फेकणे हे त्या काळी दोघांचेही खरे बळ नव्हे, हे प्रतिपक्षास पक्के ठाऊक असल्याने त्या उभ्या माणसाला खुशाल मोकळे सोडून ते बास्केटखाली गर्दी करीत. भाऊबंदांनी सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात, तसा हा बंदोबस्त होता. त्याने तंटा मिटतो, परंतु म्हणून शेत कोणी एकत्र कसत नाही. हंगामात पुढे विजय भरपूर मिळाले. तथापि अंतिम मालिकेत डॅलसपुढे हे उणेपण उघडे पडले. 7 जून 2011 च्या चौथ्या सामन्यात जेम्सच्या नावावर अवघे 8 गुण लागले, आणि मालिका 4-2 अशी हातची गेली.

त्या उन्हाळ्यात वेडने, त्याने स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, जेम्सला संघाची धुरा निःसंकोच घेण्यास सांगितले. ज्याचे घर त्यानेच पाहुण्याला यजमानपद द्यावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. 2009-10 मध्ये दर सामन्यास 26.6 गुण मिळविणारा वेड 2011-12 मध्ये 22.1 वर आला, आणि पाठ फिरलेल्या बचावपटूच्या मागून, चेंडू हाती नसताना, नेमक्या क्षणी बास्केटकडे कापत जाण्याची कला त्याने अंगी बाणविली. जेम्सनेही ह्यूस्टनला हकीम ओलाजुवानपाशी जाऊन बास्केटजवळ पाठ लावून खेळण्याचे धडे घेतले, ज्यायोगे मैदानाच्या माथ्यावर टप्पे मारीत वेळ घालविण्याची गरज कमी झाली.

पण या त्रयीत मला सर्वांत थोर वाटतो तो बॉश. टोरोंटोत सगळा खेळ त्याच्याभोवती फिरे. शेवटच्या हंगामात तेथे त्याची सरासरी 24 गुणांची होती. मायामीत प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा यांनी त्यास दूर रेषेपाशी उभे केले. हेतू असा की, त्याच्या भीतीने प्रतिपक्षाचा सर्वांत उंच गडी त्याच्यामागे ओढला जावा आणि इतर दोघांसाठी बास्केटखालचे आवार रिकामे व्हावे. बचावात मात्र आपल्याहून धिप्पाड गड्यांशी झुंजण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. 2012-13 मध्ये त्याची सरासरी 16.6 वर उतरली, आणि तो नरम पडला असे लोक खुशाल बोलू लागले. जी जागा त्याने रिकामी करून दिली तिची नोंद गुणपत्रकात होत नसते.

18 जून 2013. सॅन अँटोनिओविरुद्ध अंतिम मालिकेचा सहावा सामना. मालिकेत 3-2 ने पिछाडी, गुणफलकावर 95-92, आणि हाती मोजके सेकंद. जेम्सने लांबून फेकलेला चेंडू कडीवर आपटून उडाला. गर्दीत उंच झेपावून बॉशने तो पकडला. बास्केट हातभर अंतरावर होती, पण दोन गुणांनी भागणार नव्हते. उजव्या कोपऱ्याकडे त्याचा सहकारी रे ॲलन उलट्या पावलांनी रेषेमागे सरकत होता, त्याच्याकडे बॉशने क्षणाचाही विलंब न लावता चेंडू दिला, आणि 5.2 सेकंद उरले असताना बरोबरी झाली. जादा वेळेत मायामीने तो सामना 103-100 असा जिंकला. सॅन अँटोनिओचा अखेरचा प्रयत्न हाताने अडविला तोही बॉशनेच.

दोन दिवसांनी सातवा सामना झाला. जेम्सने 37 गुण केले, वेडने 23, आणि मायामीने 95-88 असा विजय मिळवून आदल्या वर्षी जिंकलेले अजिंक्यपद राखले. त्या रात्रीच्या गुणपत्रकावर बॉशच्या नावापुढे शून्य आहे.