सागवानाच्या पोटातली ओल
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत हा माणूस सागवानावर काय बोलतो, असं तुम्हाला वाटेल. बोलणार झाडावरच आहे, पण डोळा दुष्काळाच्या यादीवर आहे.

आलापल्लीचा साग तुम्ही पाहिला असेल. निदान बल्लारपूरच्या डेपोत त्याचे ओंडके तरी पाहिलेत. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एकात एक कडी दिसतात. एक कडं म्हणजे एक वर्ष. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळतात, वाढ थांबते. पुन्हा वाढ सुरू झाली की सुरुवातीच्या लाकडात मोठी छिद्रं पडतात. त्या छिद्रांची ओळ म्हणजे दोन वर्षांमधला धुरा.

ही कडी मोजायला झाड तोडावंच लागतं असं नाही. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात, घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वर्षाची रुंदी मोजतात. ओलीचं वर्ष असेल तर कडं रुंद, कोरडं असेल तर बारीक. पण एवढं सोपं असतं तर शास्त्रज्ञ कशाला लागले असते?

अडचण सावलीची आहे. साग उजेडाचं झाड. मोठ्या झाडाखाली सापडलेलं सागाचं रोपटं उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळतं, पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटतं. वर काही दिसत नाही, खाली मूळ जाड होत राहतं. शेजारचं झाड पडून उजेड आला की ते सरळ वर निघतं. म्हणजे पाऊस भरपूर पडला तरी सावलीतल्या झाडाचं कडं बारीकच राहणार. मग बारीक कडं दुष्काळाचं की सावलीचं, हे ओळखायचं कसं?

त्यासाठी एका झाडावर विसंबत नाहीत. अनेक झाडांच्या कांड्या शेजारी शेजारी ठेवून वर्षाला वर्ष जुळवतात. एकाच झाडात कडं बारीक असेल तर ते त्या झाडाचं घरगुती दुखणं. सगळ्या रानात त्याच सालाचं कडं बारीक असेल तर तो दुष्काळ. आपल्याकडेही एकाची पऱ्हाटी गेली तर लोक म्हणतात फवारणी चुकली. गावाची गेली तर तसं म्हणता येत नाही. सरकार मात्र तेव्हाही म्हणतं, ही गोष्ट वेगळी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आलापल्लीच्या सागावर हे काम केलं. त्यांचा निबंध 2011 साली छापून आला. त्यात निघालं ते तुमच्या कामाचं आहे. कड्याची रुंदी नुसत्या पावसाच्या आकड्यापेक्षा मुळाशी राहिलेल्या ओलीशी जास्त जुळते. आदल्या वर्षी पावसाळा सरल्यावर जमिनीत किती ओल उरली, त्याचाही हिशेब यंदाच्या कड्यात उतरतो.

रब्बी ज्वारी पेरणाऱ्याला यात नवीन काय? ती ज्वारी उभीच राहते मुरलेल्या ओलीवर. मी अकोल्याला शेतीची पदवी घेतली. तिथं पर्जन्यमापक वाचायला पक्कं शिकवलं. पण पर्जन्यमापक सांगतो आभाळातून किती आलं. मुरमाड उतारावर एका दिवसात चार इंच कोसळलं तर बहुतेक नाल्यात जातं. तेच चार इंच पंधरा दिवसांत काळ्या जमिनीवर पडलं तर वावर पिऊन घेतं. वहीत आकडा एकच. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 47 च्या पुढे जातो. ऊन ओढून नेतं ते पाणी पर्जन्यमापकात दिसत नाही.

आता यादीकडे येतो. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत जमिनीतली ओल आहे, नाही असं नाही. पण ती दुसऱ्या दारात आहे. पहिलं दार पावसाचं. पाऊस किती कमी पडला आणि खंड किती पडला, हे आधी बघतात. ते दार उघडलं तरच पुढे पीक, ओल, पाणीसाठा तपासायचा. सरासरी गाठलेल्या मंडळातला मुरमाड वावराचा शेतकरी पहिल्याच दाराशी अडकतो. आपली मागणी एवढीच, की ओल पहिल्या दारात आणा.

कोणी म्हणेल, सागाची मुळं खोल, पऱ्हाटीची त्याहून उथळ, सागाची साक्ष कापसाला कशी चालेल? बरोबर आहे. साग तुमच्या वावराचा पंचनामा करणार नाही, आणि कोणी तसं भाषण ठोकलं तर त्याला खाली बसवा. साग फक्त एवढं दाखवतो की झाड असो की पीक, वाढ ओलीवर होते, आणि ती मोजता येते.

आपण मोजायला सुरुवात करू. प्रत्येक गावानं दोन वावरं निवडायची, एक काळं, एक मुरमाड. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक वीत आणि एक हात खोलीवरची माती काढायची, लगेच वजन करायचं, कढईत मंद आचेवर पूर्ण वाळवायची, पुन्हा वजन करायचं. घटलं ते पाणी. घट भागिले वाळल्या मातीचं वजन गुणिले शंभर, म्हणजे ओलीचा टक्का. तारीख आणि त्या दिवशी पऱ्हाटीची पातं गळत होती का, तेही लिहायचं. ढगाळ दिवसांची नोंद वेगळी ठेवा, कारण उजेड कमी पडला तरी पातं गळतात. सावली आणि दुष्काळ यांची गल्लत आपल्याही वहीत नको.

वह्या मागच्या टेबलावर आहेत. नेताना गावाचं नाव लिहून जा.