माया हातातून शिकते

शेजाऱ्यावर प्रेम करा, ही येशूची आज्ञा आपल्या पोरांना तोंडपाठ असते. पण वळण कसं लागायचं?

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. त्यांना सांभाळायला, अक्षरं शिकवायला पुढं आल्या शारदा सदनातल्या आधीच्या मुली. त्यातल्या कितीतरी स्वतःच बालविधवा! रमाबाईंनी त्यांच्या हाती माणसं सोपवली.

तुम्हीही सोपवा. वस्तीतल्या एकट्या आजीला रोज संध्याकाळी भाकरी पोरानं नेऊन द्यावी. पोरीवरच ढकलू नका हं! जात विचारायची नाही, धर्मही नाही. आजी खेकसली तर? खेकसू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा.