परतीच्या वाटेवर

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

मंडळी, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघतच आपण मोठे झालो. तिथं गॅलरीतनं ओरडणं म्हणजे आपला हक्कच! पण पोरांच्या मॅचलाही आपण तसंच ओरडतो. मुलगा १२ वर्षांचा असताना मी त्याला गाडीवर मागं बसवून घरापर्यंत त्याच्या चुका मोजायचो. एक दिवस म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही येऊ नका." पुढं त्यानं बूटच घातले नाहीत.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, त्याचं कौतुक आहेच. पण प्रत्येक पोरगं अनिकेत कुठनं होणार?

आता नातवाला नेतो, तेव्हा एवढंच विचारतो, "मजा आली? खासबागेजवळ भेळ खायची?" मग भेळ खाताखाता तोच सगळी मॅच सांगतो, हुकलेल्या गोलसकट.