पाचारण आणि यंत्र

कोकणातील व गोव्यातील जुन्या घरांवर अजूनही मंगलोरी कौले दिसतात. खाचेत खाच बसणाऱ्या त्या लाल कौलांमागे केवळ मातीचा आणि भट्टीचा इतिहास नाही. ख्रिस्ती धर्मविचारातील एका जुन्या प्रश्नाचाही इतिहास आहे. माणूस पोटासाठी जे काम करतो, त्यात ईश्वराची हाक असते काय? आणि ते कामच नाहीसे झाले, तर त्या हाकेचे काय होते?

मराठी बायबलात या हाकेला 'पाचारण' असा शब्द आहे. मध्ययुगीन युरोपात पाचारण हे मुख्यत्वे मठवासी व धर्मगुरू यांचे मानले जाई. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने ही भिंत पाडली. चांभाराची आरी, गृहिणीची चूल, न्यायाधीशाचे आसन ही सारी शेजाऱ्याच्या सेवेची स्थाने होत, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु प्रत्येकाने आपल्या ठिकाणीच राहावे, हा त्यातील उपदेश स्थिर समाजाला शोभणारा होता. जन्मप्राप्त धंद्याला चिकटून राहण्याचा बोध भारतीय कानांनाही अपरिचित नाही.

या विचाराची कसोटी १८३४ साली मंगळुरास आलेल्या बासेल मिशनपुढे लागली. तेथे ज्या बिल्लव कुटुंबांनी नवा धर्म स्वीकारला, त्यांपैकी अनेकांचा परंपरागत धंदा ताडी काढण्याचा. तो मिशनला मान्य नव्हता. शिवाय जातीबाहेर पडलेल्यास जुना आधारही उरत नसे. 'आहेस तेथेच राहा' असे त्यांना सांगणे शक्यच नव्हते. म्हणून विणकामाचे कारखाने निघाले, आणि १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना उभारला. पाचारण जन्मापासून सुटले. पण ते आता कारखान्याशी बांधले गेले. उपदेश करणारी आणि मजुरी देणारी संस्था एकच असल्यामुळे भक्ती आणि शिस्त यांची गल्लत होण्याचा धोकाही त्यात होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात हे उद्योग मिशनच्या हातून गेले, आणि कालांतराने सिमेंटच्या स्लॅबने कौलांची मागणी घटविली. अनेक भट्ट्या थंडावल्या.

पाचारण हत्याराचे नसते, शेजाऱ्याचे असते, असे उत्तर यावर दिले जाते. संत पौल तंबू करीत असे, पण त्याचे प्रेषितत्व तंबूवर अवलंबून नव्हते. उत्तर खरे आहे. मात्र ते कोण कोणाला देतो, यावर त्याचे मोल ठरते. काम गमावलेल्या कामगाराने ते स्वतःशी म्हटले, तर ते धैर्य होय. त्याला कामावरून दूर करणाऱ्याने ते ऐकविले, तर ती केवळ सोयीची धार्मिकता होय.

हा भेद कॅथलिक परंपरेनेही ओळखला. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी काम हे माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, या तत्त्वावर भर दिला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्या पूर्वसूरींचे स्मरण करून कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी श्रमापुढे उभ्या राहिलेल्या नव्या आव्हानाचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला.

तेव्हा पाचारणाचा प्रश्न केवळ काम गमावणाऱ्यास विचारून भागत नाही. यंत्र घडविणारा आणि यंत्र आणणारा यांनाही हाक आहेच. आणि ज्या शेजाऱ्याच्या सेवेसाठी ती हाक आहे, तो शेजारी म्हणजे यंत्रामुळे रिकाम्या हातांनी घरी परतणारा माणूसच होय.